गाडी एकच, इंजिनं दोन: कुटुंबाला कोणतं झेपेल?

गाडी ठरते, रंग ठरतो आणि बुकिंगचे पैसे भरायच्या वेळी शोरूममधला मुलगा शेवटचा प्रश्न टाकतो: "यात दोन इंजिनं येतात. कुठलं करू?" मग घरात दोन तट पडतात. वडील म्हणतात, लहान घे, अ‍ॅव्हरेज चांगलं देईल. मेहुणा म्हणतो, लहान घेशील तर घाटात रडशील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असतं, पण ही गाडी कुठल्या रस्त्यावर, किती माणसं घेऊन आणि वर्षातून किती वेळा जाणार हे दोघांनीही विचारलेलं नसतं. खरं उत्तर तिथेच मिळतं.

इंजिन निवडताना रोजचा ऑफिसचा प्रवास धरू नका. तो कुठलंही इंजिन करतं. आयुष्यात एकदा लडाखला जायचंय, तेही धरू नका. दर महिन्या-दोन महिन्यांनी हमखास होणारा सगळ्यात जड प्रवास आठवा. सगळं कुटुंब, डिकीभर सामान, एसी सुरू आणि वाटेत घाट. तो प्रवास ज्या इंजिनाला कुरकुर न करता जमतो, ते तुमचं इंजिन. असा प्रवास तुमच्या वाट्याला येतच नसेल, तर मोठ्या इंजिनाचे पैसे वाचवा.

नुसत्या सीसीवर जाऊ नका

सीसी म्हणजे इंजिनाच्या सगळ्या सिलिंडरांत मिळून मावणारी जागा. पूर्वी एवढा आकडा पुरायचा. 1983 मध्ये आलेल्या मारुती 800 चं इंजिन 796 सीसीचं होतं आणि ताकद 37 हॉर्सपॉवरच्या आसपास. तेव्हा सीसी जास्त म्हणजे ताकद जास्त, हा हिशेब सरळ होता.

टर्बो आल्यापासून तो उलटापालटा झाला. ह्युंदाई व्हेन्यूचं 1.2 लिटरचं साधं पेट्रोल इंजिन 83 पीएस ताकद आणि 114 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्याच गाडीतलं एक लिटरचं टर्बो 120 पीएस आणि 172 न्यूटन-मीटर देतं. पीएस म्हणजे मेट्रिक मापातली हॉर्सपॉवर. मारुती फ्रॉन्क्समध्येही तेच: 1.2 लिटरला 90 पीएस, तर एक लिटरच्या टर्बोला 100. टर्बो जास्तीची हवा सिलिंडरमध्ये दाबून भरतो, त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त इंधन जळतं आणि जास्त जोर निघतो.

म्हणून माहितीपत्रकात सीसीच्या शेजारी आणखी दोन गोष्टी बघा: टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती आहे आणि तो किती आरपीएमला, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्यांवर, मिळतो. घरच्या घरी करण्यासारखा एक हिशेब सांगतो. टॉर्कला आरपीएमने गुणा आणि 7,000 ने भागा, त्या फेऱ्यांवर मिळणारी ताकद साधारण पीएसमध्ये कळते. व्हेन्यूच्या टर्बोचा 172 चा टॉर्क 1,500 आरपीएमपासूनच मिळतो, म्हणजे तिथे जवळपास 37 पीएस हाताशी असतात. साध्या 1.2 चा 114 चा टॉर्क मिळतो तो 4,000 ला. त्याला 1,500 वर उदारपणे 100 दिले, तरी ताकद भरते 21-22 पीएस. वळण घेऊन गाडी पुन्हा चढाला लागते तेव्हा इंजिन नेमकं याच फेऱ्यांवर असतं. माहितीपत्रकावर ठळक छापलेली मोठी ताकद पाच-सहा हजार आरपीएमला मिळते आणि तिथे आपण गाडी क्वचितच नेतो.

तेव्हा आधी स्वतःला विचारा, तुमच्यापुढचा पर्याय नक्की कोणता आहे? लहान साधं इंजिन की मोठं साधं इंजिन, हा एक प्रश्न. साधं इंजिन की टर्बो, हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगळ्या वाटेने जातात.

वजन, चढ आणि एसी

पहिल्या प्रश्नासाठी वॅगनआर घेऊ. तीत दोन इंजिनं मिळतात: 998 सीसी, 67 पीएस, 89 न्यूटन-मीटर आणि 1,197 सीसी, 90 पीएस, 113 न्यूटन-मीटर. रिकाम्या गाडीचं वजन सव्वाआठशे किलोच्या आसपास. एकटा माणूस बसून गावात फिरतो तेव्हा दोन्ही चपळ वाटतात. आता पाच माणसं बसवा, सरासरी 65 किलोची. झाले सव्वातीनशे. डिकीत 75 किलो सामान टाका. गाडीवर 400 किलो चढले, म्हणजे तिच्या वजनाच्या जवळपास निम्मे. इंजिन मात्र तेवढंच आहे.

त्यात एसी. कॉम्प्रेसर इंजिनावरच चालतो आणि दोन-चार हॉर्सपॉवर खातो. 67 मधले तीन गेले तर काय बिघडलं, असं वाटतं. पण 2,000 आरपीएमला या लहान इंजिनाकडे 22-23 पीएसच असतात. त्यातले तीन म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. खंबाटकीच्या पायथ्याशी एसी बंद करून काचा खाली घ्यायची जुनी सवय यातूनच पडली. विदर्भात घाट फारसे नाहीत, पण मे महिन्यातल्या 45 अंशांत तिथे एसी बंद करणं शक्य नसतं, हेही हिशेबात धरा.

तिसरी गोष्ट उंचीची. वर जावं तशी हवा विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला साधारण एका टक्क्याने घटते. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास आहे. तिथे पोचेपर्यंत साध्या इंजिनाचा आठवा हिस्सा जोर हवेतच जिरलेला असतो. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो. आंबेनळी किंवा आंबोली घाटाची वाट नेहमीची असलेल्यांना टर्बो का आवडतो, त्याचं हे एक कारण.

सात सीटच्या गाड्यांत हा प्रश्न आणखी टोकदार होतो. रेनॉ ट्रायबर 999 सीसीच्या 72 पीएस इंजिनावर सात जणांना बसवते. मारुती अर्टिगाला 1,462 सीसीचं, शंभर पीएसच्या वरचं इंजिन आहे. शहरात आजी-आजोबांना दवाखान्यात, नातवंडांना शाळेत आणि कधीतरी लग्नाला सगळ्यांना घेऊन जायचं, एवढंच काम असेल तर ट्रायबर चांगली आणि स्वस्त. पण सात जण घेऊन दर पौर्णिमेला वणीला किंवा दर महिन्याला घाट उतरून कोकणातल्या गावी जायचं असेल, तर एक लिटरचं साधं इंजिन त्या कामाचं नाही.

ओव्हरटेकचे दोन सेकंद

मोठं इंजिन म्हणजे वेगाची हौस, असं घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात. दुपदरी रस्त्यावर तो सुरक्षिततेचाही भाग आहे. कोल्हापूरहून रत्नागिरीकडे निघालात आणि पुढे उसाचा ट्रॅक्टर ताशी 20-25 ने चालला आहे. समोरचं वाहन आणि तुमची गाडी दोन्ही ताशी 80 ने असतील, तर दोघांमधलं अंतर दर सेकंदाला 44 मीटरने कमी होतं. ओव्हरटेकला दोन सेकंद जास्त लागले तर 88 मीटर जास्तीचा मोकळा रस्ता हवा. भरल्या गाडीत लहान आणि मोठ्या इंजिनात एवढा फरक सहज पडतो.

याचा अर्थ लहान इंजिनाची गाडी धोकादायक असा नाही. ती चालवणाऱ्याने ओव्हरटेकच्या आधी एक गिअर खाली टाकायचा आणि मोकळा रस्ता दिसेपर्यंत मागे थांबायचं. घरात गाडी चालवणाऱ्या सगळ्यांकडे तेवढा संयम आहे का, हे प्रामाणिकपणे ठरवा.

अ‍ॅव्हरेजचा खरा फरक

"मोठं इंजिन पेट्रोल पितं" हे वाक्य ऐकून घाबरण्याआधी कागदावर आकडे मांडा. वॅगनआरच्या मॅन्युअल गाड्यांचा कंपनीचा दावा आहे एक लिटरला 24.35 आणि 1.2 ला 23.56 किलोमीटर. रस्त्यावर दोन्ही कमीच देणार. 17 आणि 16 धरा. वर्षाला 12,000 किलोमीटर फिरलात तर एकीला 706 लिटर लागतील, दुसरीला 750. पेट्रोल 104 रुपये धरलं तर फरक साडेचार हजारांचा. महिन्याला चारशे रुपयेही नाहीत.

साधं आणि टर्बो यांच्यात फरक जास्त पडतो, विशेषतः गर्दीत. शहरात टर्बोने 12 आणि साध्याने 14 दिले असं समजा. त्याच 12,000 किलोमीटरना टर्बोला 143 लिटर जास्त लागतील, म्हणजे वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास. मोकळ्या रस्त्यावर हे अंतर मिटतं, कधी उलटंही होतं. ह्युंदाई क्रेटाच्या 1.5 साध्या मॅन्युअल पेट्रोलचा दावा 17.4 आहे, तर 160 पीएसच्या 1.5 टर्बो ऑटोमॅटिकचा 18.4. टर्बो कमी फेऱ्यांवर निवांत चालतो म्हणून हे जमतं. पाय मात्र हलका हवा. जोर आहे म्हणून दर सिग्नलला तो वापरला, तर दाव्यातला आकडा विसरा.

हायवेला लहान इंजिनाचा फायदा कमी होतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 वरून 120 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. समृद्धी महामार्गावर 120 ची मुभा आहे, पण पाच माणसं घेऊन तो वेग तासन् तास टिकवताना एक लिटरचं साधं इंजिन सतत ताणाखाली राहतं. आवाज वाढतो आणि अ‍ॅव्हरेजही घसरतं. लहान इंजिनाची गाडी तिथे 90-100 वर ठेवा.

कर आणि विमा

इथे मात्र सीसीचा आकडा खरोखर खिशाला लागतो. 22 सप्टेंबर 2025 पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि 1,200 सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी गाडीवर 18 टक्के जीएसटी आहे. डिझेलला हीच सवलत 1,500 सीसीपर्यंत मिळते. लांबी किंवा सीसी यातलं काहीही ओलांडलं की 40 टक्के. मारुती ब्रेझा चार मीटरच्या आत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन 1,462 सीसीचं असल्याने ती 40 टक्क्यांत जाते. टाटा नेक्सॉनचं डिझेल इंजिन 1,497 सीसीचं असूनही ती 18 टक्क्यांत राहते. म्हणूनच कमी करात जास्त जोर हवा असेल तर एक किंवा 1.2 लिटरचा टर्बो बघावा. या गटातला तोच मधला मार्ग आहे.

थर्ड पार्टी विम्याचे टप्पेही सीसीवर आहेत. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1,000 सीसीपर्यंत वर्षाला 2,094 रुपये, 1,500 पर्यंत 3,416 आणि त्यापुढे 7,897. नव्या गाडीला तीन वर्षांचा हप्ता एकदम भरावा लागतो: 6,521, 10,640 किंवा 24,596 रुपये. बाजारातली इतकी इंजिनं 998, 1,197 किंवा 1,497 सीसीची का असतात, त्याचं उत्तर या मर्यादांत आहे.

महाराष्ट्रातला रोड टॅक्स सीसीवर नाही, किमतीवर आणि इंधनावर ठरतो. पेट्रोलच्या गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के, वीस लाखांपर्यंत 12 आणि वर 13. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. मोठ्या इंजिनाचं मॉडेल साठ हजारांनी महाग असेल, तर टॅक्सचे साडेसहा-सात हजार त्यात आणखी धरा. तुलना नेहमी ऑन-रोड किमतींची करा.

सीएनजी, डिझेल आणि टर्बोची देखभाल

सीएनजीवर इंजिनाचा जोर कमी होतो. वॅगनआरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर 67 पीएस देतं, सीएनजीवर 57. शिवाय सिलिंडर डिकी खातो, त्यामुळे सामान मागच्या सीटवर येतं. रोजचं लांब अंतर सपाट रस्त्याचं असेल तर सीएनजीसारखी बचत नाही. घाटाच्या पायथ्याशी बटण दाबून पेट्रोलवर यायची सवय मात्र लावून घ्या.

डिझेलचा जोर कमी फेऱ्यांवर मिळतो, म्हणून भरल्या गाडीला आणि घाटाला ते उत्तम. पण बीएस-6 डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज चार किलोमीटर शाळा आणि भाजी मंडई एवढंच फिरणं असेल, तर तो तुंबून डोकेदुखी होते. महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर आणि त्यातलं बरंचसं हायवेचं, असं असेल तरच डिझेलकडे वळा.

टर्बो नाजूक असतो ही भीती निम्मी खरी आहे. त्याला कंपनीने सांगितलेलंच ऑइल लागतं आणि ते वेळेवर बदलावं लागतं. ऑइल बदलण्यात चालढकल करणाऱ्याने साधं इंजिन घ्यावं, ते जास्त सोसतं. लांब घाट चढून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता अर्धा-एक मिनिट चालू ठेवा, म्हणजे तापलेल्या टर्बोला ऑइल मिळत राहतं.

टेस्ट ड्राइव्ह घ्यायची कशी

शोरूमची ठरलेली फेरी सपाट रस्त्याची असते आणि गाडीत दोघंच असतात. त्यातून काही कळत नाही. कुटुंबाला सोबत न्या, सगळ्या सीटा भरा, एसी पूर्ण सुरू करा आणि चढ मागा. पुण्यात कात्रजचा जुना घाट आहे, ठाण्यात घोडबंदर रोडवरचा गायमुखचा चढ, साताऱ्यात यवतेश्वर, कोल्हापुरात पन्हाळ्याचा रस्ता. काहीच जवळ नसेल तर उड्डाणपुलाचा किंवा मॉलच्या पार्किंगचा चढ चालेल. दोन्ही इंजिनं एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवा आणि या गोष्टी तपासा:

- चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा काढा. किती रेस द्यावी लागते? हाफ क्लचवर झुंजावं लागतं का? ऑटोमॅटिक असेल तर ती मागे घसरते का?
- सेकंड गिअरमध्ये स्पीडब्रेकर ओलांडा. गाडी उचलते की फर्स्ट टाकायला लावते?
- थर्डमध्ये ताशी 30 वरून पाय दाबा. साधं इंजिन सावकाश पण सरळ उचलेल. टर्बो क्षणभर थांबून मग झेपावतो. तो थांबा गर्दीत तुम्हाला चालेल का?
- थांबलेल्या गाडीत स्टिअरिंगवर आणि सीटवर हात ठेवा. तीन सिलिंडरच्या इंजिनाची थरथर काहींना जाणवते, काहींना नाही. मागे बसणाऱ्या आईला विचारा.

लहान घेतलं तर चालवा असं

लहान इंजिनाची निम्मी बदनामी चुकीच्या गिअरमुळे होते. पेट्रोल वाचवायचं म्हणून लोक चढावर थर्ड सोडत नाहीत, इंजिन घुसमटतं, गाडी थडथडते आणि मग "गाडी ओढत नाही" अशी तक्रार येते. लहान साध्या इंजिनाचा जोर तीन हजार आरपीएमच्या पुढे आहे. चढ लागायच्या आधीच सेकंड टाका आणि त्याला मोकळेपणाने फिरू द्या. आवाज वाढेल, पण फिरण्याने इंजिनाचं काही बिघडत नाही. कमी फेऱ्यांवर कोंडून रेटण्याने बिघडतं. उतरताना घाट ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच करू नका. लहान इंजिन उतारावर गाडीला कमी रोखतं, म्हणून तिथे गिअर आणखी महत्त्वाचा.

मग कोणी काय घ्यावं?

तीन-चार माणसांचं कुटुंब, गाडी मुख्यतः शहरात, गावी जाणं वर्षातून दोनदा: लहान साधं इंजिन घ्या. ते दोन प्रवास थोडे सावकाश होतील, त्यासाठी वर्षभर पैसे मोजू नका.

चार-पाच माणसं, महिन्यातून एकदा तरी घाट किंवा दोन-तीनशे किलोमीटरचा हायवे: त्याच गाडीतलं मोठं साधं इंजिन. इंधनाचा खर्च किंचित वाढतो, दमछाक बरीच कमी होते. बहुतेक कुटुंबं या गटात बसतात.

कोकण, महाबळेश्वर किंवा गोव्याची वाट नेहमीची आणि गाडी बहुधा भरलेली: टर्बो पेट्रोल. अंतर खूप असेल तर डिझेल.

रोज 50-60 किलोमीटर सपाट रस्ता आणि पंप जवळ: सीएनजी. सीएनजी भरण्याच्या रांगेत घालवायला वेळ आहे ना, तेवढं बघा.

सहा-सात माणसं नेहमीची: दीड लिटरच्या खालच्या साध्या इंजिनाचा विचार करू नका.

शेवटी बहुतेकांचं घोडं अडतं ते बजेटवर. त्याच पैशात लहान इंजिनाचं वरचं मॉडेल मिळतं, सनरूफ आणि मोठ्या स्क्रीनसकट, किंवा मोठ्या इंजिनाचं मधलं मॉडेल, साध्या सजावटीचं. आधी एअरबॅग आणि इतर सुरक्षेच्या सोयी दोन्हींत सारख्या आहेत का ते पाहा. त्या कमी असतील तर मोठं इंजिनही नको. त्या सारख्या असतील, तर तुमच्या जड प्रवासाला लागणारं इंजिन घ्या आणि सनरूफ सोडा. स्क्रीन, सीट कव्हर, कॅमेरा पुढच्या दिवाळीला बाहेरून बसवता येतील. इंजिन बदलायचं तर गाडीच बदलावी लागते.